होडीत बसवणं म्हणजे शिकवणं नव्हे

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुलं गेली, २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून या शहरात मुलांना शाळेबाहेर नेण्याचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सहली कायमच्या बंद करा. शाळेचं काम शिकवणं, हिंडवणं नव्हे. दुसरा म्हणतो, अपघात काय रस्त्यावरही होतात, पोरांच्या मौजेवर विरजण कशाला घालता? डिसेंबर उजाडला, शाळांची परिपत्रकं आली, की पालकांच्या ग्रुपवर हीच जुगलबंदी पुन्हा सुरू. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचं न बोलता एकमत असतं: मुलांना बाहेर नेणं ही करमणूक आहे. एकीला ती महाग पडते असं वाटतं, दुसरीला परवडते असं वाटतं, इतकाच फरक. मला हे गृहीतच मान्य नाही. डोंगर चढणं, पाण्यात उतरणं, उघड्यावर मुक्काम करणं हे शाळेनं गणित आणि भाषेइतकंच रीतसर, पायरीपायरीनं शिकवायला हवं, असं माझं म्हणणं आहे. आणि हरणीनंतर तर ते जास्तच ठामपणे म्हणायला हवं. धोका ओळखण्याचं शिक्षण मिळालेला एक जरी माणूस त्या धक्क्यावर अधिकाराच्या जागी असता, तर ती होडी सुटलीच नसती.

त्या दिवशी काय झालं ते आता सगळ्या शहराला पाठ आहे. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त मुलं होडीत बसवली होती, अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तलाव महापालिकेचा, चालवायला ठेकेदार. पुढे अटका झाल्या, गुजरात उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, महापालिकेच्या कारभारावर ताशेरे ओढले. हे व्हायलाच हवं होतं. पण एवढ्या चर्चेत एक साधा प्रश्न राहून गेला: त्या होडीत मुलांचं काम काय होतं? काहीच नाही. बसवतील तिथे बसायचं आणि उतरवतील तेव्हा उतरायचं. ती गिऱ्हाईकं होती. तिकीट काढून फिरवून आणायची गिऱ्हाईकं.

पाणी शिकवायचं ठरवलं तर सुरुवात तलावापासून होतच नाही. आधी तरणतलाव, छातीइतकं पाणी, तोंड बुडवून श्वास सोडणं, पाठीवर तरंगणं. मग जॅकेट स्वतः घालणं, शेजारच्याचा पट्टा ओढून पाहणं. मग होडी मुद्दाम उलटवून पाहणं, तीसुद्धा उथळ पाण्यात, शिक्षक हातभर अंतरावर असताना; उलटलेली होडी सोडून काठाकडे हातपाय मारत निघायचं नसतं, तिलाच धरून राहायचं असतं, हे अंगात मुरेपर्यंत. एवढं शिकलेली पाचवी-सहावीतली मुलगी होडीतली डोकी मोजू शकते आणि ‘बाई, ही भरली, आम्ही पुढच्या फेरीला येतो’ असं म्हणू शकते. तिनं तसं म्हटल्यावर मोठी माणसं ऐकतीलच याची खात्री नाही. पण धक्क्यावर प्रश्न विचारणारं कुणीतरी असेल. साहसाच्या शिक्षणाचा पहिला फायदा मी हाच समजतो: मूल ‘नाही’ म्हणायला शिकतं, आणि ते का म्हणायचं हे त्याला कळतं.

हे स्पष्ट करून घ्यायला हवं, कारण आजकाल ‘अ‍ॅडव्हेंचर’ या नावाखाली शाळांना जे विकलं जातं त्यातलं बरंचसं या व्याख्येत बसत नाही. शहराबाहेरच्या रिसॉर्टवर मुलांना नेतात, कमरेला पट्टा बांधून तारेवरून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सोडतात, रबरी नळकांड्यातून पाण्यात ढकलतात, दुपारी पावभाजी, संध्याकाळी प्रमाणपत्र. पट्टा दुसऱ्यानं बांधलेला, गाठ दुसऱ्यानं तपासलेली, निर्णय दुसऱ्याचा; मुलाच्या वाट्याला फक्त किंचाळणं. यात मजा नाही असं मी म्हणत नाही. पण माहितीपत्रकात ‘लीडरशिप’ आणि ‘टीम बिल्डिंग’ असे शब्द छापले म्हणून ते शिक्षण होत नाही. सहली बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं इथे पूर्ण एकमत आहे: हा बाजार शाळेच्या वेळापत्रकातून गेला तर कुणाचं काही बिघडणार नाही.

मग शिक्षण कशाला म्हणायचं? आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. पावागड बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. शाळा तिथे जातात, पण कशा? बस माचीपर्यंत, तिथून उडन खटोला म्हणजे दोरवाट, कालिका मातेचं दर्शन, डबा, परत. आता तीच सहल आठवीच्या तीस मुलांसाठी अशी कल्पून पाहा. आदल्या महिन्यात दर शनिवारी तासभर चाल. पाठीवर स्वतःचं पाणी, किती लागतं ते स्वतः ठरवून. कमी पडलं तर का कमी पडलं याचा हिशेब पुढच्या शनिवारी. मग पहाटे चांपानेरच्या पायथ्यापासून जुन्या वाटेनं, ढासळलेल्या दरवाजांमधून वर. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, त्याच्या वेगानं सगळे. १४८४ साली गुजरातच्या सुलतान महमूद बेगड्यानं हा गड घेतला तेव्हा त्याला इतका काळ वेढा घालून का बसावं लागलं, हे पुस्तकातल्या दोन ओळींत कळत नाही. तटाखाली उभं राहून वर पाहिलं की कळतं. खालचा काळा बेसॉल्ट आणि वरच्या माथ्याचा वेगळ्या रंगाचा रायोलाइट हाताला वेगवेगळे लागतात. दख्खनच्या लाव्ह्यात रायोलाइट असा फारसा भेटत नाही, म्हणून भूगर्भशास्त्रज्ञ या डोंगराकडे मुद्दाम येतात. आपली मुलं त्याच दगडावर बसून वेफर्स खातात आणि उतरतात.

आणि याच डोंगरावरून विश्वामित्री निघते. ऑगस्ट २०२४ मध्ये, हरणीनंतर सात महिन्यांनी, तीच नदी काठ सोडून शहरात शिरली. सोसायट्याच्या सोसायट्या पाण्यात, गच्चीवर अडकलेली कुटुंबं, आणि वाहत आलेल्या मगरी रस्त्यावर. ज्या मुलांना जानेवारीत आपण पाण्यापासून लांब ठेवायचं ठरवलं, त्यांच्या जिन्यात पाणी आलं. पुराच्या वाहत्या पाण्यातून चालताना काठी पुढे टेकवत जायचं, गुडघ्यावर जोराचा प्रवाह असेल तर पाऊल घालायचंच नाही, झाकण उघडं असलेल्या गटारावर पाणी कसं भोवरतं, हे किती मुलांना माहीत होतं? किती मोठ्यांना? बाहेर जाणं बंद केलं की धोका बाहेर राहतो, हा समज बडोद्यात तरी आता कुणी बाळगू नये. नर्मदाकाठी पोइचाला, चांदोदला, महीवर सिंधरोटला सुट्टीच्या दिवशी घरची मंडळी न्हायला जातातच. माणसं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. शाळेनं सहल रद्द केली म्हणून नदी रद्द होत नाही.

यावर परदेशी संशोधनाचा हवाला देण्याची पद्धत आहे. तोही देतो, पण जपून. १९९७ साली शिक्षणाचे अभ्यासक जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साहस-शिक्षणावरच्या ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, निर्णय घेण्याची तयारी यांत झालेली वाढ मध्यम स्वरूपाची दिसली, डोळे दिपवणारी नाही. विशेष हे, की ही वाढ शिबिर संपल्यावर ओसरत नाही, उलट पुढेही थोडी वाढते. वर्गातल्या बहुतेक उपक्रमांचं याच्या उलट होतं. पण त्याच आढाव्यात हेही आहे की कार्यक्रमा-कार्यक्रमांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि लांब मुदतीच्या शिबिरांचा परिणाम जास्त असतो. म्हणजे एका दिवसाच्या सहलीनं मुलगा धीट होऊन येईल ही आशा सोडलेली बरी. या विचाराचे प्रवर्तक कुर्ट हान यांनी १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ हे साहस-शिक्षणाचं केंद्र सुरू केलं. तो युद्धाचा काळ होता, आणि त्यांच्या चारित्र्य घडवण्याच्या भाषेला लष्करी वास येतो. मला तो सहन होत नाही. कातळ चढल्यानं माणूस सज्जन होतो याला कसलाही पुरावा नाही. कातळ चढणारे लबाडही असतात. माझा दावा फार छोटा आहे. ज्या मुलाला वर्षानुवर्षं मागच्या बाकावरून फक्त उणे गुण ऐकायला मिळाले, त्याचं वर्गातलं स्थान डोंगरावर बदलू शकतं, आणि जे मूल कायम पहिलं येतं त्याला पहिल्यांदा कुणाची तरी वाट पाहावी लागते. एवढ्यासाठीसुद्धा हा खटाटोप करण्यासारखा आहे.

शिवाय हे काही विलायती खूळ नाही, बडोद्यात तर मुळीच नाही. जुम्मादादांचा आखाडा आठवा. उस्ताद मुसलमान, त्यांच्या मागे आखाडा सांभाळणारे शिष्य माणिकराव मराठी, आणि पाठीशी सयाजीराव महाराजांचा दरबार. कुस्ती, लाठी, मल्लखांब, सांघिक कवायत. पुढे योगाला प्रयोगशाळेत नेणारे स्वामी कुवलयानंद तरुणपणी इथेच माणिकरावांच्या हाताखाली शिकले. मल्लखांबावर दहा वर्षांचं पोर डोकं खाली पाय वर करून लटकतं. पडलं तर मान मोडू शकते. मग आपल्या आज्यापणज्यांनी पोरांना तिथे कसं पाठवलं? ते बेफिकीर होते म्हणून? साधी अढी, म्हणजे खांबावरची पायांची पकड, पक्की झाल्याशिवाय दसरंगासारख्या अवघड कसरतीला हात लावू द्यायचा नाही, आणि नवी उडी असेल तेव्हा उस्तादानं खांबाशी उभं राहायचं, ही रीत तिथे होती म्हणून. धोका नाहीसा कुणीच केला नव्हता. तो मुलाच्या अंगच्या तयारीनुसार मोजून दिला जात होता, आणि मोजणारा माणूस घरच्यांच्या ओळखीचा होता. आज शनिवारवाडा आणि रायगडाच्या गोष्टी मुलांना अभिमानानं सांगणारी आमची मराठी कुटुंबं पावागडाच्या पायऱ्या ‘दमेल हो’ म्हणून टाळतात आणि दोरवाटेच्या रांगेत उभी राहतात. त्याच दोरवाटेवर २००३ साली अपघात होऊन माणसं दगावली होती, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं. पायांनी चढणं धोक्याचं आणि तारेला लटकलेल्या डब्यात बसणं सुरक्षित, हा हिशेब कुठल्या गणितातला?

आता विरोधकांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण त्यातलं काही फार वजनदार आहे. पहिलं म्हणजे, ज्या आईचं मूल हरणीहून परत आलं नाही तिच्यापुढे आत्मविश्वासाचे फायदे मांडण्याची माझी छाती नाही. कुणाचीच नसावी. एका मुलाचा जीव हा कुठल्याही शैक्षणिक लाभाच्या तराजूत टाकण्याची वस्तू नव्हे, हे मी विनाअट मान्य करतो. पण मग हाच नियम सगळीकडे लावायला हवा. २४ मे २०१९ ला सुरतेत तक्षशिला इमारतीत आग लागली आणि वरच्या मजल्यावर शिकवणीला बसलेले २२ विद्यार्थी गेले. तेव्हा कुणी म्हणालं का, की शिकवण्या कायमच्या बंद करा, मुलांना इमारतींत पाठवू नका? आपण म्हणालो, जिने तपासा, अग्निशमन दलाचा दाखला असल्याशिवाय वर्ग उघडू देऊ नका. शिकवणी आपल्याला आवश्यक वाटते, म्हणून ती सुरक्षित करायची; डोंगर आणि पाणी ऐषाराम वाटतात, म्हणून ते बंद करायचे. मुलाच्या जिवाची किंमत दोन्हीकडे सारखीच आहे. बदलते ती आपली गरजेची यादी.

आणि सहलीत जीव कशानं जातात हेही नीट पाहायला हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये केरळात शाळेच्या सहलीची बस रात्री भरधाव जात राज्य परिवहनच्या बसवर आदळली. ९ जण गेले. २०१४ च्या जूनमध्ये हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकीचे विद्यार्थी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. यातल्या एकाही ठिकाणी कुणी साहस शिकवत नव्हतं. एकीकडे घाईचा रात्रीचा प्रवास, दुसरीकडे धरणाखालच्या नदीचं पाणी मिनिटांत चढतं याची पात्रात उभ्या असलेल्यांना कल्पनाच नाही. सरदार सरोवराखालच्या नर्मदेला हीच गोष्ट लागू आहे, आणि ती बडोद्याच्या मुलांना माहीत असायला हवी. म्हणूनच मला उटी-मनालीच्या लांबच्या सहलींपेक्षा पावागड, जांबुघोड्याचं जंगल, महीकाठच्या घळी बऱ्या वाटतात: दिवसाउजेडी दोन तासांचा रस्ता, आणि ऋतूमागून ऋतू त्याच जागी परत जाता येतं.

दुसरा आक्षेप पहिल्याहून अवघड आहे. तो असा: तुमचं सगळं खरं, पण हे सांभाळणार कोण? ज्या व्यवस्थेत महापालिकेच्या तलावावर होडीतली डोकी मोजली जात नाहीत, ज्या राज्यात २०२२ साली मोरबीचा झुलता पूल १३५ माणसांना घेऊन कोसळतो, तिथे ‘नियम करा, परवाने द्या’ हे म्हणणं म्हणजे आणखी एका शिक्क्याची सोय. बंदी निदान पाळली तरी जाते. हा युक्तिवाद मला अनेक रात्री सोडत नव्हता, आणि तो ज्यांनी केला ते शहाणे लोक आहेत.

उत्तरासाठी १९९३ या एका वर्षाकडे जाऊ. त्या मार्चमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे शाळेच्या मुलांचा एक गट कयाक घेऊन समुद्रात उतरला. वाऱ्यानं त्यांना आत ओढून नेलं, मदत उशिरा पोचली, चार मुलं मेली. चौकशीत निघालं की केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्याच वर्षी सुरक्षेबद्दल मालकाला लेखी बजावून नोकरी सोडली होती. संचालक तुरुंगात गेला, कंपनी सदोष मनुष्यवधात दोषी ठरली. इंग्लंडमध्येही सहली थांबवा अशी हाकाटी झाली. त्यांनी काय केलं? १९९५ साली कायदा केला: अठरा वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन चढाई, गुहा, पाण्यातले खेळ, डोंगरभटकंती करवणाऱ्या प्रत्येक केंद्राला परवाना हवा, आणि परवाना देण्याआधी त्या विषयातला जाणकार जागेवर येऊन पाहणार. कयाक बंद झाल्या नाहीत. त्याच १९९३ साली बडोद्यात, शहराच्या ऐन मध्यावर, सूरसागर तलावात नाव उलटली आणि वीसहून जास्त माणसं बुडाली. तिथेही कारण तेच होतं, क्षमतेपेक्षा जास्त भरणा. हळहळ झाली, संताप झाला. पण नावेत किती माणसं घ्यायची, जॅकेट कोणी तपासायचं, नावाडी कुठे शिकायचा, याची पक्की रीत शहरानं बसवली नाही. तीस वर्षांनी हरणीला तोच धडा पहिल्यापासून गिरवावा लागला. बंदी पाळली जाते हे खरं. पण बंदीत कुणी काही शिकत नाही, आणि ती उठते तेव्हा धक्क्यावरची माणसं पूर्वीइतकीच अडाणी असतात.

तरीही मान्य करतो, इंग्लंडसारखे निरीक्षक आपल्याकडे उद्या उगवणार नाहीत. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये साहसी उपक्रमांसाठी नोंदणीचं धोरण आणलं, केंद्राच्या पर्यटन खात्याची मार्गदर्शक तत्त्वं २०१८ पासून आहेत. कागद कमी नाहीत. म्हणून माझा भर कागदाहून दुसरीकडे आहे. शाळांनी असे उपक्रम निवडावेत ज्यांत यंत्र आणि ठेकेदार कमीत कमी असतील. चालणं, चढणं, तंबू ठोकणं, होकायंत्र वापरणं, पोहणं. यांत बिघडण्यासारखं थोडं असतं आणि जे असतं ते डोळ्यांना दिसतं. पालकांना तारेची ताणशक्ती तपासता येणार नाही, पण दहा मुलांमागे एक मोठा माणूस आहे का, प्रथमोपचार कुणाला येतो, शेवटच्या मुलामागे कोण चालणार, जवळचं इस्पितळ किती लांब, हे प्रश्न कुठलीही आई विचारू शकते. आणि उत्तरं देताना जी शाळा चाचरेल तिथे सही करायची नाही. पोहण्याच्या बाबतीत तर कारण शोधायचीही गरज नाही. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी अशी जागतिक आरोग्य संघटनेचीच शिफारस आहे. बांगलादेशात खेड्यांतल्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहायला शिकवलं, आणि शिकलेल्या मुलांत बुडण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. बांगलादेश काही इंग्लंड नाही. बांबू आपल्याकडेही आहे.

पैशाचा आक्षेप येतो तेव्हा मात्र मी विरोधकांच्या बाजूनं बोलायला लागतो. आज शिबिरं परवडणाऱ्यांचीच आहेत. वासणा रस्त्यावरच्या शाळेतला मुलगा हिमालयात जाऊन येतो आणि नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेतल्या मुलीला पावागडाचं भाडंही जड जातं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला, तेव्हा शाळा हीसुद्धा ठरावीक जातींची आणि खिशांचीच गोष्ट होती. पालकांची कुरकुर होती, पोरं गुरं कोण राखणार, मुलींना कशाला. दंड बसवावे लागले. शिक्षण मूठभरांचं आहे म्हणून ते बंद करा असं त्यांनी म्हटलं नाही, सगळ्यांचं केलं. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. ते दिवस वर्गातच कागदाची फुलं करण्यात घालवायचे की त्यांतले चार दिवस पायी भटकण्यात आणि दोन पाण्यात, हे शाळेनं ठरवायचं आहे. त्यासाठी वेगळा निधी मागत बसण्याची गरज नाही. मुलींबद्दल ‘सोबत कोण’ हा प्रश्न घरोघरी निघतो आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर शिकलेल्या शिक्षिका, एवढंच आहे, आणि त्या आपोआप तयार होत नाहीत.

इथे सगळी गाडी शिक्षकांपाशी येऊन थांबते. शिक्षिकेनं हे अंगावर का घ्यावं? साठ मुलांचा वर्ग, निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं. वर सहलीत काही झालं तर पोलीस आधी तिच्या दारात. हरणीला तर शिक्षिकाच मुलांबरोबर गेल्या. तिच्या धैर्याला आवाहन करणं हा निर्लज्जपणा होईल. तिला प्रशिक्षण हवं, आणि त्याची सोय सरकारकडे आहे: माउंट अबूला गुजरात सरकारची गिर्यारोहण संस्था आहे, जुनागडला दर वर्षी गिरनार चढण्या-उतरण्याची स्पर्धा भरते, म्हणजे शिकवणारी माणसंही या राज्यात आहेत. प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, त्यातली एक बाई, सरकारी खर्चानं तिथे जाऊन यावेत. पण प्रमाणपत्रापेक्षा मोठी गोष्ट तिला द्यायला हवी ती जागेवरून परत फिरण्याचा अधिकार, लेखी. पैसे भरलेले, बस थांबलेली, मुलं रांगेत. आणि बाई म्हणतात, आज होडीत बसायचं नाही, वारा आहे, जॅकेटं पुरेशी नाहीत, चला परत. त्या वेळी ठेकेदार हुज्जत घालेल, मुख्याध्यापक फोन करतील, आणि संध्याकाळी ‘सहलीचे पैसे घेतले आणि काहीच दाखवलं नाही’ अशी तक्रार पालकांच्या ग्रुपवर येईल. ती तक्रार लिहिणारे आपणच असतो. निदान तेवढी आपण आजपासून लिहायची थांबवू शकतो; त्यासाठी कुठल्याही सरकारी परवान्याची वाट पाहावी लागत नाही.